बायकांच्या विळ्याला नक्षी कशाला?

आमच्या आईला तिच्या विळ्याचा गर्व होता. गर्व हा शब्द आमच्यासारख्या घरातल्या बाईसाठी सहसा कुणी वापरत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्यासारख्यांच्या आया कष्टाळू असतात, सोशिक असतात, फार तर मायाळू असतात. माझी आई कष्टाळू होतीच, पण त्याआधी ती गर्विष्ठ होती, आणि तो गर्व तिच्या हातातल्या हत्याराचा होता. आमच्याकडे विळा, कोयता, खुरपं, फावडं या सगळ्याला हत्यारच म्हणतात. तिनं बसवलेल्या दांड्याला कुणी हात लावला की ती आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यानं दांड्यावरून बोटं फिरवली, उलटासुलटा करून बघितला, तर तिची मान किंचित वर व्हायची. त्यानं नुसताच उचलून कापायला घेतला, तर कपाळाला आठी. "आदी बघ तरी," ती म्हणायची. "बघ, नि मंग काप."

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, मोहोपाड्याहून डोंगराच्या बाजूला आत गेलं की लागणारं. घर कौलारू, मागं पडवी, पडवीच्या कडेला चूल आणि चुलीच्या वर आडव्या वाशावर टांगलेली लाकडं. स्वयंपाकाच्या धुरात ती महिनोन् महिने वाळत असायची. शिवणीची लाकडं विळ्या-खुरप्यासाठी, कारण शिवण हलकी. धामणीची कुऱ्हाडीसाठी आणि फावड्यासाठी, कारण धामण लवते पण तुटत नाही. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की बा सायकल काढायचे. बा म्हणजे माझे वडील. रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत ते पोती उचलायला होते, टेंपररी. हा टेंपररी शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा रोज निघायचा. टेंपररीचं परमनंट होणार, ह्या दिवाळीला नाही तर पुढच्या, असं ऐकतच मी मोठी झाले. बा गेले की आई तांदळाच्या भाकऱ्या उरकायची, त्यावर सुकटीचं कालवण किंवा वालाचं बिरडं झाकून ठेवायची, आणि भांडी घासण्याच्या आधी, चूल अजून तापलेली असतानाच, दांड्याच्या कामाला बसायची.

ते काम मी इतक्यांदा बघितलं आहे की आजही डोळे मिटले की आधी त्याचा वास येतो. कोयत्यानं ओबडधोबड आकार काढायचा, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडत खरवडत गुळगुळीत करायचा. काच लाकडावरून फिरताना कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा आणि लाकडाचे केसासारखे कुरळे पदर आईच्या मांडीवर साठायचे. विळ्याच्या पात्याचं मागचं टोक चुलीत लाल करून ती ते दांड्यात दाबायची. चर्र झालं की गोडसर धूर. लाकूड फुटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं ठोकायचं. त्याला साम म्हणतात. दांड्याचं मागचं टोक ती बोंडासारखं फुगीर ठेवायची, म्हणजे चिखलानं, घामानं हात निसटला तरी मूठ तिथं अडते. मध्ये करंगळीच्या बाजूला किंचित खोलगट. आणि सगळं झाल्यावर नक्षी. सळई तापवून ती दांड्यावर आडव्या रेघा डागायची, बरोबर जिथं बोटं बसतात तिथं, आणि रेघांच्या मधे ज्या बाईचं हत्यार तिची खूण. शेजारच्या पारूकाकीला कोंबडीचं पाऊल, काशीला तुळशीचं पान, मला मासोळी. स्वतःच्या विळ्यावर आईनं भाताची लोंबी काढली होती. एक एक दाणा वेगळा दिसायचा. शेवटी करंजाचं तेल चोळायचं, पदरानं पुसायचं, आणि उजेडात धरून बघायचं. हे बघणं ती कधी चुकवायची नाही. नक्षीमुळे हात घसरायचा नाही, हे खरंच आहे. पण आईनं ती नुसती हात घसरू नये म्हणून काढली असती तर नुसत्या रेघा पुरल्या असत्या. लोंबीचे दाणे तिनं काढले, कारण तिला ते दिसायला हवे होते. दिवसभर वाकून भात कापणाऱ्या बाईच्या डोळ्यासमोर काय असतं? चिखल, धसकटं आणि स्वतःचा हात. त्या हातात काहीतरी बघण्यासारखं असावं, एवढीच तिची मागणी होती.

हे ती तिच्या वडिलांकडून शिकली होती. आईचं माहेर कळंबचं. आजोबा जातीनं सुतार नव्हते, शेतकरीच. पण हाताला ओढ होती. लेकीला त्यांनी शिकवलं आणि लग्न करून दिलं. आमच्या गावात आल्यावर पहिल्या वर्षी सासूनं नावं ठेवली, दुसऱ्या वर्षी सासूनंच स्वतःचं खुरपं आणून पुढ्यात ठेवलं. मग हळूहळू सगळ्या बायका यायला लागल्या. कुणी वालाच्या शेंगा आणायची, कुणी ओंजळभर जवळा. आमच्या गावात कुठल्याही बाईचं हत्यार हातात घेतलं की ते कुणाचं हे कळायचं. शेतावर विसरलेला विळा संध्याकाळपर्यंत आपोआप घरी पोचायचा.

याच कळंबला मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलानं मला जेवायला नेलं. तिथं आता रिसॉर्टांची रांग आहे. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर कोयते आणि विळे टांगलेले, दांड्यांना चकचकीत व्हार्निश, वरून पिवळे दिवे सोडलेले. मी उठून एक हातात घेऊन बघायला गेले तर पोरगा धावत आला, "आजी, हात नका लावू, शो-पीस आहे." शो-पीस! ज्या वस्तूचं सगळं रूप हातात घेतल्याशिवाय कळतच नाही, तिला हात लावायचा नाही. भाचा म्हणाला, मावशी, निदान त्यांनी जपून तरी ठेवलंय. मी म्हटलं, जपायचं होतं तेव्हा काय केलं ते मला ठाऊक आहे. त्याला ही हकीकत माहीत नव्हती, म्हणून ती आता लिहिते आहे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. भात पिवळं पडायला लागलं होतं. एका संध्याकाळी बा घरी आले ते खुशीत. कंपनीतर्फे गावातल्या बायकांना नवी हत्यारं वाटणार होते. कंपनीचे एक साहेब होते, गावोगाव असलीच कामं करायचे, वह्या वाट, रोपं वाट, आणि सगळ्याचे फोटो काढ. त्यांना आमच्याकडे फोटोवाले साहेबच म्हणायचे. त्यांनी बांना बोलावून सांगितलं होतं, तुझ्या गावात कार्यक्रम चांगला झाला पाहिजे. अट एकच. जुनं द्यायचं, नवं घ्यायचं. गंजकी हत्यारं धोक्याची असतात, ती गावात राहायला नकोत.

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली. "माजा विळा गंजका हाय?" तिनं विचारलं.

"तसा नाय गं. सगल्यांचाच घेनार हायत."

"मंग मला नको नवा."

"आगं, तूच नाय दिलास तर बाकीच्या देतील का?" बा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सायबानं माजं नाव घेऊन सांगितलाय. यादीत... परमनंटच्या टायमाला हेच साहेब असतात." तव्यावरची भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी करपलेली मला दुसऱ्यांदा कधी आठवत नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. बायका नवी लुगडी नेसून आल्या आणि एकेक जण आपलं जुनं हत्यार एका टेंपोत टाकून नवं घ्यायला लागली. टेंपोत लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज होत होता. आईची पाळी आली तेव्हा साहेबांनी तिच्या हातातला विळा स्वतः घेतला. मला क्षणभर वाटलं, हा माणूस बघेल. त्यांनी लोंबी बघितलीही. मग वर धरून सगळ्यांना दाखवली आणि हसले. "बाई, विळ्याला नक्षी? शेतात काय प्रदर्शन भरवायचंय?" सगळा मांडव हसला. ज्या बायकांच्या विळ्यांवर आईनं पानं-फुलं काढली होती त्याही हसल्या, साहेब हसले म्हणून. साहेबांनी विळा टेंपोत भिरकावला आणि आईच्या हातात निळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचा नवा विळा दिला. आईनं तो घेतला तसाच धरून ठेवला. घरी येईपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही.

मी पुढे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकले. वर्गात मी एकटी मुलगी. पुढे ते शिकवलंही, बरीच वर्षं. निरनिराळ्या देशांची हत्यारं हाताळली, त्यांची चित्रं बघितली. जिथं जिथं माणसं मनापासून काम करतात तिथं तिथं त्यांनी आपली हत्यारं देखणी केलेली आहेत, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आणि दर वेळी मला त्या मांडवातलं हसू ऐकू आलं. साहेबांच्या खिशाला लावलेलं पेन सोनेरी टोपणाचं होतं. लिहायला त्यांना सोनेरी टोपण लागत होतं काय? त्यांच्या पेनाला कुणी हसलं नाही. देखणं हत्यार वापरायचा हक्क कुणाचा, हे असं एका हसण्यात ठरून जातं.

त्या वर्षीची कापणी सुरू झाली आणि नव्या विळ्यांचं खरं रूप बाहेर आलं. त्यांची मूठ सरळसोट आणि जाड, बायकांची बोटं तिच्याभोवती पुरी वळत नव्हती. दवानं भिजली की ती हातात फिरायची. दोनचार दिवसांत सगळ्यांच्या तळव्यांना फोड आले. काशी म्हणाली, जुना कुठं गेला असंल गं माजा. आणि मग एका सकाळी आमच्या शेजारच्या खाचरात पारूकाकी ओरडली. ती वयानं मोठी, एकटी राहणारी बाई. आयुष्यभर भात कापलेलं. डाव्या मुठीत भाताची पेंढी धरली होती, उजव्या हातातला विळा ओला होऊन फिरला आणि पातं डाव्या तळव्यात गेलं. मी पोचले तेव्हा ती लुगड्याचा पदर तळव्यावर दाबून बसली होती आणि पदर लाल होत होता. दुखण्यापेक्षा तिला शरम वाटत होती. "माज्या हातानं कसा झाला गं असा," एवढंच म्हणत होती. "माज्या हातानं."

तिला धरून मी रस्त्यापर्यंत नेलं आणि एका टेंपोत बसवून मोहोपाड्याला डॉक्टरकडे आणलं. आत टाके घालत होते. काकीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून मी तिच्यासाठी चहा-पाव आणायला बाहेर पडले. नाक्याच्या पलीकडे एक भंगारवाला होता. पत्र्याच्या कुंपणातून आत सहज नजर गेली आणि माझे पाय थांबले. आमच्या गावची सगळी हत्यारं तिथं ढिगात पडली होती. त्यातली कितीतरी पाती दांडे काढून एका बाजूला रचली होती. आणि दांडे? तिथला एक कामगार विटांच्या चुलीवर चहा उकळत होता, आणि खाली जळण म्हणून आईनं केलेले दांडे लावले होते.

मी आत कशी गेले, काय बोलले, मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की चहाचं पातेलं कलंडलं आणि मी चुलीतून एक दांडा ओढून काढला. अर्धा जळला होता, टोकाला निखारा होता. तो मी मातीत दाबून विझवला. कामगार ओरडला. वजनकाट्यामागून मालक उठून आला, टक्कल पडलेला, बनियनवरचा माणूस.

"काय झालं? काय पाहिजे तुला?"

"हे आमचं हाय!" मी ओरडले. "आमच्या गावचं. जाळताय काय?"

"ताई, कंपनीच्या टेंपोतून माल आला, आपण घेतला. आता माल आपला." त्यानं माझ्या हातातल्या दांड्याकडे बघितलं. "लाकूड हाय, जळणारच ना. आपण लोखंड विकतो."

"मला हे परत पायजे. सगळं."

तो हसला नाही, हे मी त्याच्याबद्दल सांगेन. काट्यावर हात ठेवून म्हणाला, "लोखंड देऊन लोखंड घेऊन जा. तेवढ्याच वजनाचं आण, आपल्याला काय." त्यानं ते मला कटवायला म्हटलं असेल. मी मात्र ते वाक्य पदरात बांधून घेतलं. त्याला म्हटलं, मी येईपर्यंत यातलं एक लाकूड जाळायचं नाही. काकीला चहा-पाव खायला घातला, तिचा टाके घातलेला हात गळ्यात अडकवला आणि घरी आणलं.

आई पडवीत बसली होती. मी सगळं भडाभडा सांगितलं. तिचा चेहरा दगडासारखा. "दिला तो दिला," ती म्हणाली. "फेकलेला परत आनायला मी काय भिकारीन हाय?" मग मी तो अर्धा जळलेला दांडा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो उचलला. कोळसा झालेल्या भागावरून अंगठा फिरवला, खालच्या शाबूत रेघांवरून फिरवला. राखेखाली तुळशीच्या पानाचं एक टोक राहिलं होतं. "ही काशीची," ती म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं, पण तिला राग चढला होता. ती उठली, कोपऱ्यातला निळ्या मुठीचा विळा घेतला आणि अंगणात येऊन मोठ्यानं हाका मारायला लागली. काशे! गंगे! आपापलं नवं घेऊन बाहेर या! एरवी तिला असं ओरडताना गावानं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळ्या आल्या. आई फार बोलली नाही. काशीच्या हातात तिचा जळका दांडा दिला आणि म्हणाली, "आपली हत्यारं चुलीत घातली त्यांनी." पारूकाकी हात गळ्यात घेऊन उंबऱ्यातूनच म्हणाली, "माजा नवा पन न्या. आनि मी पन येतंय."

दुसऱ्या दिवशी कापणी सोडून आम्ही बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मोहोपाड्याच्या नाक्यावर उतरलो. टोपल्यांतून निळ्या मुठी बाहेर आलेल्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. भंगारवाल्यानं बोललेला शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. आधी सगळ्या प्लॅस्टिकच्या मुठी ठोकून काढल्या. प्लॅस्टिक लोखंडात धरत नाही म्हणाला. नव्या पात्यांचं पत्र्यासारखं लोखंड काट्यावर चढलं आणि आमच्या जुन्या हत्यारांच्या बाजूचं पारडं खालीच बसून राहिलं. "कमी पडतंय," तो म्हणाला. बायका भांडायला लागल्या. तेवढ्यात पारूकाकी पुढे झाली, गळ्यातला हात काढला आणि पट्टी बांधलेला तळवा वरच्या पारड्यात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "आता भरला का बघ."

तो माणूस काट्याकडे बघायचं टाळून लांब बघत राहिला. मग म्हणाला, "उचला, उचला. जावा घेऊन."

आई ढिगासमोर बसली आणि एकेक हत्यार उचलून जिचं तिच्या हातात द्यायला लागली. तिची लोंबी शाबूत होती. माझी मासोळी शाबूत होती. ज्यांचे दांडे जळले होते त्यांनी नुसती पाती घेतली. पुढचे काही दिवस आईनं शेत जवळजवळ बघितलंच नाही. वाशावरची लाकडं खाली काढली आणि दांडे बसवत राहिली. आम्ही बाकीच्यांनी तिच्या वाटणीचं भात कापलं. काशीला तिनं एकाऐवजी तुळशीची तीन पानं काढून दिली.

बांना हे आम्ही सांगितलं नव्हतं, पण कळायचं राहिलं नाही. नाक्यावरून आम्ही परतल्यावर दोनच दिवसांनी ते संध्याकाळी कामावरून आले, सायकल भिंतीला लावली आणि न बसता बोलले. फोटोवाले साहेब रविवारी येणार होते. मुंबईहून कुणी मोठे साहेब आणि कॅमेरावाला. शेतात नव्या विळ्यांनी भात कापणाऱ्या बायकांचा फोटो, कंपनीच्या पुस्तकात छापायला. नाक्यावरची गोष्ट सुपरवायझरच्या कानावर गेली होती, साहेबांच्या अजून नाही; त्यानं बांना दमात घेऊन सांगितलं होतं, घरच्या बायांना आवर. "आता काय दाकवायचा त्यांना?" बांनी विचारलं. आई म्हणाली, "कापताना दाकवू." बा जेवले नाहीत. त्यांचं ताट तसंच झाकून ठेवलं. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. एका नोकरीसाठी माणसाला किती वाकवतात, हे कळण्याइतकी मी मोठी नव्हते. आता तो राग बांवरून उठून जिथं जायला हवा तिथं गेला आहे.

रविवारी जीप आली. बांना त्यांनी कंपनीचा निळा गणवेश घालायला लावून सोबत आणलं होतं, या गावातला आपला कामगार म्हणून दाखवायला. आम्ही शेतात होतो. साहेब बांधावरून खाली आले आणि आमच्या हातातले विळे बघून त्यांचा चेहरा बदलला.

"नवीन कुठे आहेत?"

कापणी थांबली, एवढंच.

"मी विचारतोय, नवीन कुठे आहेत? हे भंगार घेऊन काय उभ्या राहिलात?"

"भंगार तुम्ही दिलेलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटला. "ते भंगारात गेलं. त्यानं काकीचा हात कापला. बघा."

पारूकाकीनं हात वर केला नाही. ती साहेबांकडे नुसती बघत राहिली. मुंबईचे मोठे साहेब घड्याळ बघत होते. फोटोवाल्या साहेबांनी ड्रायव्हरला सांगून जीपमधून एक खोका आणवला. त्यात आणखी नवे विळे होते. "हे हातात धरा. दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की परत द्या." ड्रायव्हर एकेकीपुढे विळा धरत गेला. बायकांनी हात पाठीमागे घेतले. काशीनं घेतले, गंगेनं घेतले. मांडवात हसलेल्या त्याच बायका. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. "ही कुणाची मुलगी?"

गावातल्या कुणीही ते सांगितलं नसतं. ओढ्याच्या बाजूला भात झोडल्याचा आवाज येत होता, तेवढाच. मी बांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, मान खाली घातली होती. मग बांधावरून बूट खाली उतरल्याचा आवाज आला.

"माजी हाय," बा म्हणाले.

"तुझी?" साहेबांना खरंच माहीत नव्हतं. "मग सांग तिला. विळा घे म्हणावं आणि नीट उभी राहा म्हणावं."

बा माझ्याजवळ आले. खोक्यातला एक नवा विळा त्यांनी उचलला. मला वाटलं, आता माझ्या हातात देणार, आणि दिला असता तर मी घेतला असता. बांसाठी घेतला असता. त्यांनी तो मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला. पारूकाकीच्या पट्टीकडे बघितलं. मग विळा खोक्यात ठेवून दिला.

"साहेब," ते म्हणाले, "फोटो काढा. पन बाया त्यांचे विळे घेऊन उब्या राहतील. त्यांच्या हातात काय हाय ते त्या ठरवतील."

जीप गेली. फोटो निघाला नाही. जाताना बांना कुणी गाडीत घेतलं नाही. कंपनीचा निळा गणवेश घातलेले ते शेतात उभे होते. मग त्यांनी बूट काढून बांधावर ठेवले आणि पेंढ्या उचलायला लागले. आई वाकून कापत होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही, पण मी तिच्या शेजारी होते. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते आणि तो घाम नव्हता.

काही दिवस काहीच झालं नाही. बा रोज भोंग्याला जात, रोज येत. आम्हाला वाटलं, विसरले. मग एके दिवशी ते दुपारच्या आधीच परत आले. गेटवर अडवलं होतं. आत यायचं नाही, एवढंच सांगितलं. कारण कुणी सांगितलं नाही, बांनी विचारलंही, पण ज्याला विचारावं तो म्हणे, मला माहीत नाही, वरून आलंय. इतकी वर्षं पोती उचलली, छातीत तो उग्र वास भरून घेतला, आणि निरोप द्यायला एक माणूस पुढे आला नाही. ती कंपनी आता त्या नावानं राहिलेली नाही, ते साहेबही नसतील. कारण मात्र मला अजून कुणीतरी सांगावं असं वाटतं. तोंडावर सांगावं.

बांनी सायकल लावली. डबा तसाच भरलेला होता. आईनं तो उघडला, बिरडं चुलीवर पुन्हा गरम केलं आणि आम्ही तिघं पडवीत जेवलो. कामाच्या दिवशी दुपारी बा घरी जेवतायत, हे आमच्यासाठी अगदी नवं होतं. ते सावकाश जेवले, भाकरीचा शेवटचा तुकडा बिरड्यात पुसून घेतला, हात धुतले. मग कोपऱ्यात गेले आणि आमचं फावडं घेऊन आले. त्याचा दांडा कधीचा चिरलेला होता, चिंधी गुंडाळून चालवत होतो. ते त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्याला नवा दांडा बसव," ते म्हणाले.

आईनं वाशावरच्या लाकडांकडे बघितलं. धामणीचं एक सरळ लाकूड अजून शिल्लक होतं. "बसवतंय," ती म्हणाली.

"आनि नक्षी काढ त्याच्यावर." बा उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. कंपनीची धुराडी तिथून दिसायची. "मोटी काढ. लांबून दिसली पायजे."